मायनिंगच्या मशिनांचं घड्याळ: नवख्यांसाठी पायरीपायरीने

बिटकॉइनचं जाळं वेळेच्या बाबतीत बरंच सैल आहे. ब्लॉकवर (व्यवहारांचा एक गठ्ठा, साखळीतली एक कडी) पडलेली वेळ खऱ्या वेळेपेक्षा दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे असली तरी कुणी हरकत घेत नाही. नंतर आलेल्या ब्लॉकवर आधीच्या ब्लॉकपेक्षा जुनी वेळ असते, असंही अधूनमधून दिसतं आणि तेही नियमात बसतं. मग घड्याळावर अख्खा लेख कशाला? कारण नवख्या माणसाच्या मशिनचं घड्याळ चुकतं तेव्हा ते सहसा तासांनी चुकतं, आणि तासांची चूक जाळं खपवून घेत नाही.

थोडा हिशेब करू. कॉम्प्युटरच्या घड्याळामागे जो क्वार्ट्झचा स्फटिक असतो, तो दहा लाखांत वीस एवढा चुकतो असं धरा. म्हणजे दिवसाला साधारण १.७ सेकंद, महिन्याला पन्नासेक सेकंद. मायनिंगच्या शेडमधल्या उकाड्यात थोडं जास्त धरा हवं तर. या गतीने दोन तासांचा फरक पडायला अकरा वर्षं लागतील. तेव्हा घड्याळ तीन तासांनी किंवा साडेपाच तासांनी चुकलेलं दिसलं, तर स्फटिकाला दोष देऊ नका. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो, टाइम झोन चुकीचा लावलेला असतो, एकाच मशिनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम भांडत असतात, नाहीतर लाइट गेल्यावर मशिन जुनीच वेळ धरून उठलेलं असतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या मंडळींना पकडण्यासाठी आहेत. मिलिसेकंद मोजायचा शौक असेल तर तो वेगळा छंद आहे, चांगलाही आहे, पण मायनिंगला त्याची गरज नाही.

घरी स्वतःचा नोड (साखळी तपासणारा आणि साठवणारा कॉम्प्युटर) चालवून सोलो मायनिंग करणारा, म्हणजे एकट्याने नवे ब्लॉक शोधणारा, किंवा दोन-चार एसिक (फक्त मायनिंगसाठी बनवलेली) मशिनं लावलेला माणूस डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. आज्ञा इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

आधी साखळीचे दोन नियम

बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकचा मथळा ८० बाइटचा असतो. त्यातले ४ बाइट वेळेसाठी. १ जानेवारी १९७० पासून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, किती सेकंद झाले, तो आकडा तिथे असतो. या आकड्यावर दोन बंधनं आहेत.

पहिलं मागच्या बाजूचं. मागच्या ११ ब्लॉकच्या वेळा चढत्या क्रमाने लावायच्या आणि मधली, म्हणजे सहावी, उचलायची. नव्या ब्लॉकची वेळ तिच्यापेक्षा मोठी हवी. ही मधली वेळ साधारण तासभर मागे असते, म्हणून बरीच मोकळीक मिळते. हे बंधन सगळ्या नोडना सारखंच दिसतं, कारण ते फक्त साखळीवरून काढलं जातं. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा त्यात संबंध नाही.

दुसरं पुढच्या बाजूचं, आणि गोची इथेच आहे. ब्लॉकची वेळ नोडच्या स्वतःच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून जास्त पुढे असेल, तर नोड तो ब्लॉक घेत नाही. प्रत्येक नोड इथे आपापल्या घड्याळाकडे बघून निर्णय घेतो. तुमचं घड्याळ चुकलं तर तुमचा निर्णय बाकी जगापेक्षा वेगळा.

आता भारतातला नेहमीचा साडेपाच तासांचा घोळ घ्या.

समजा, घड्याळ साडेपाच तास मागे पडलं. जगातला प्रत्येक ताजा ब्लॉक तुमच्या नोडला 'भविष्यातला' वाटणार. त्यातले दोन तास तो चालवून घेतो, उरलेले साडेतीन तास नाही. म्हणजे तुमचा नोड कायम साडेतीन तास, अंदाजे २१ ब्लॉक, मागे रडतखडत चालत राहतो. बंद पडत नाही, हे जास्त वाईट. बाहेरून बघणाऱ्याला सगळं सुरू दिसतं, पंखे फिरताहेत, वीज जळतेय, आणि तुमची मशिनं मेलेल्या टोकावर ब्लॉक शोधताहेत.

उलट घड्याळ साडेपाच तास पुढे गेलं तर नोड जगाचे ब्लॉक बिनतक्रार घेतो. काहीच बिघडलंय असं वाटत नाही. पण तो मशिनांना जे काम देतो त्यावर साडेपाच तास पुढची वेळ असते. नशिबाने ब्लॉक सापडलाच, तर तुमचा नोड तो आनंदाने स्वीकारेल आणि उरलेलं जाळं नाकारेल. बिटकॉइन कोअर, म्हणजे नोड चालवायचा नेहमीचा प्रोग्राम, त्याच्या भाषेत कारण असतं 'टाइम-टू-न्यू', वेळ फारच पुढची. असा ब्लॉक कायमचा बाद ठरत नाही, वेळ भरल्यावर तो पुन्हा दिला तर चालू शकतो. पण साडेतीन तासांत साखळी वीस-एकवीस ब्लॉक पुढे निघून गेलेली असते. एप्रिल २०२४ च्या हाविंगनंतर (बक्षीस निम्मं होण्यानंतर) एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात. सोलो मायनिंग म्हणजे लॉटरीच. लागलेलं तिकीट घड्याळापायी फाडायचं नसेल तर पुढचं वाचा.

पायरी १: खरंच चुकलंय का ते बघा

बिटकॉइन कोअरची लॉग फाइल, म्हणजे 'डीबग डॉट लॉग', उघडली की पुष्कळ जण दचकतात. दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि लॉगमध्ये सकाळचे दहा. ओळीच्या सुरुवातीच्या वेळेला शेवटी 'झेड' लागलेला दिसेल. त्याचा अर्थ ती वेळ यूटीसी आहे. भारतीय वेळ त्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे. म्हणजे काहीच बिघडलेलं नाही.

इथे एक गोष्ट कृपा करून करू नका: घड्याळाचे काटे हाताने साडेपाच तास फिरवणं. टाइम झोन ही फक्त दाखवण्याची पद्धत आहे. आतली वेळ यूटीसीतच चालते. स्क्रीनवर वेळ चुकीची दिसत असेल तर झोन 'एशिया/कोलकाता' करा, घड्याळाला हात लावू नका. अमेरिकेत किंवा युरोपात बसून वाचत असाल तर तिथला झोन लावा. नोडला काही फरक पडत नाही.

लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' एवढंच टाइप करा. स्थानिक वेळ, यूटीसी वेळ, मदरबोर्डच्या घड्याळाची वेळ, तिन्ही एकाखाली एक येतात. यूटीसीची ओळ मोबाइलशी ताडून बघा; मोबाइलच्या वेळेतून साडेपाच तास वजा. त्याखाली घड्याळ जुळवलेलं आहे का याचं 'येस' किंवा 'नो' येतं. 'नो' असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठी.

यापेक्षा पक्की परीक्षा नोडकडेच आहे. 'बिटकॉइन-सीएलआय गेटपीअरइन्फो' चालवा आणि प्रत्येक जोडीदार नोडच्या माहितीत 'टाइमऑफसेट' शोधा. तो नोड तुमच्या घड्याळापेक्षा किती सेकंद पुढे किंवा मागे आहे, हे तिथे असतं. निरोगी मशिनवर बहुतेक आकडे ०, १, उणे १ असे दिसतात. एखाद्याच जोडीदाराचा आकडा भलता असेल तर त्याचं घड्याळ बिघडलंय, सोडून द्या. सगळ्यांचाच सारखा भलता असेल तर बिघाड तुमच्याकडे. आणि तो आकडा १९८०० किंवा उणे १९८०० च्या आसपास असेल तर कोडं सुटलंच: १९८०० सेकंद म्हणजे बरोबर साडेपाच तास.

पायरी २: लिनक्सवर क्रॉनी बसवा

इंटरनेटवरून वेळ आणण्याची पद्धत म्हणजे एनटीपी. डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली आणि १९८५ पासून ती चालू आहे. तुमचं मशिन सर्व्हरला विचारतं, सर्व्हर उत्तर देतो. निघाल्याची, पोचल्याची, परत निघाल्याची आणि परत पोचल्याची, अशा चार वेळांवरून रस्त्यात गेलेला वेळ वजा करून खरा फरक काढला जातो. जायचा आणि यायचा रस्ता सारखाच वेळ घेतो असं त्यात गृहीत आहे. मोबाइल डोंगलवर ते थोडं चुकतं, पण आपल्याला त्याने काही बिघडत नाही.

उबुंटू आणि डेबियनच्या बऱ्याच आवृत्त्यांत 'सिस्टमडी-टाइमसिंकडी' हा वेळ जुळवणारा प्रोग्राम आधीपासून असतो. साध्या नोडला तो पुरतो. मला विचाराल तर तरीही त्याच्या जागी क्रॉनी हा प्रोग्राम बसवा: तो अनेक सर्व्हरची तुलना करतो, खोटं बोलणारा सर्व्हर बाजूला काढतो, आणि पुढे घरातल्या बाकी मशिनांना वेळ वाटायचं कामही करतो. एका मशिनवर वेळ जुळवणारी एकच सेवा ठेवा. दोन ठेवल्या की त्या एकमेकींचं काम उसवत बसतात.

क्रॉनीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सर्व्हर किती द्यायचे? एकच दिला आणि तोच चुकीचा निघाला तर कळायला मार्ग नाही. दोन दिले तर खरा कोणता ते ठरत नाही. तीन झाले की एकाला बहुमताने बाद करता येतं. चार असले तर एक बंद पडूनही तीन उरतात. म्हणून चार. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा, म्हणजे एनपीएलचा, 'टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी' आहे. भारतीय प्रमाणवेळ याच संस्थेकडे असते. एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन' आणि 'समय२ डॉट एनआयसी डॉट इन' आहेत. जोडीला स्वयंसेवकांच्या जागतिक पूलचा भारतीय भाग 'इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी' घ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'आयबर्स्ट' हा शब्द टाकला की सुरुवातीलाच झटपट चार-आठ विचारणा होतात आणि वेळ लवकर जुळते.

गुगलचे वेळेचे सर्व्हर या यादीत मिसळू नका. लीप सेकंद (घड्याळात अधूनमधून घालायचा जादा सेकंद) आला की ते तो एक सेकंद कित्येक तासांत पसरवून देतात, बाकीचे सर्व्हर एकदम देतात. त्या काळात दोघांची वेळ जुळत नाही. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला झाला, आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाट उजाडली होती. तेव्हापासून एकही आलेला नाही, पण चांगली सवय ती चांगली सवय.

आता एक महत्त्वाची ओळ: 'मेकस्टेप १.० ३'. क्रॉनी सुरू झाल्यावर पहिल्या तीन मोजण्यांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त दिसला, तर घड्याळ एका उडीत बरोबर करायचं, असा तिचा अर्थ. त्यानंतर मात्र तो उडी मारत नाही, घड्याळ किंचित जलद किंवा सावकाश चालवून हळूहळू फरक भरून काढतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये या सावकाशीचा कमाल वेग असा आहे, की एका तासाचा फरक भरायला बारा तास लागतात. व्हर्च्युअल मशिन थांबवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं की नेमकं हेच होतं: क्रॉनी आधीपासून चालू आहे, तीन मोजण्या कधीच होऊन गेल्यात, आणि घड्याळ गोगलगाईच्या चालीने सरकतंय. अशा वेळी 'क्रॉनीसी मेकस्टेप' ही आज्ञा हाताने द्या, लगेच उडी मारतो. मशिन वारंवार झोपणार-उठणार असेल तर त्या ३ च्या जागी उणे १ लिहा, म्हणजे उडीची मुभा कायम राहते.

एनटीपीडी हा वेळ जुळवणारा जुना प्रोग्राम कुठे चालू असेल तर त्याची तऱ्हा वेगळी. फरक १००० सेकंदांपेक्षा जास्त दिसला की तो 'हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे' म्हणून सरळ बंद पडतो, आणि बंद पडला हे तुम्हाला सांगायला येत नाही.

सगळं झालं की 'क्रॉनीसी सोर्सेस' चालवा. ज्या सर्व्हरपुढे तारा असेल तो निवडलेला, अधिक चिन्हवाले सोबतीला, प्रश्नचिन्हवाल्यापर्यंत पोचताच आलेलं नाही, आणि 'एक्स' म्हणजे खोटं बोलणारा. 'रीच'च्या रकान्यात ३७७ दिसलं तर मागच्या आठही विचारणांना उत्तर मिळालंय. हा आकडा अष्टमान पद्धतीत असतो, म्हणून असा विचित्र दिसतो. सगळीकडे प्रश्नचिन्हंच असतील तर राउटरवर किंवा ऑफिसच्या फायरवॉलवर यूडीपी १२३ हे पोर्ट अडवलेलं आहे का बघा. 'क्रॉनीसी ट्रॅकिंग'मध्ये खऱ्या वेळेपासूनचा फरक सेकंदाच्या दशांशात येतो. पहिले दोन दशांश शून्य असले की आपलं काम झालं.

पायरी ३: विंडोज, आणि एका मशिनवर दोन सिस्टिम

विंडोजवर सेटिंगमध्ये तारीख-वेळेच्या पानावर आपोआप वेळ लावायचा खटका चालू करा आणि 'सिंक नाउ' दाबा. अॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यू३२टीएम /रीसिंक' देऊनही तेच होतं. घरगुती मशिनवर घड्याळ १५ तासांपेक्षा जास्त चुकलेलं असेल, तर विंडोज स्वतःहून ते दुरुस्त करत नाही. आधी तारीख हाताने बरोबर करावी लागते. असं दर वेळी मशिन चालू केल्यावर होत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सीआर२०३२ नावाचा तो बटणासारखा सेल घड्याळजीकडेही मिळतो.

साडेपाच तासांच्या घोळाचं खरं उगमस्थान मात्र एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणं, हे आहे. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहून ठेवतं आणि लिनक्स यूटीसी. विंडोज बंद करून लिनक्स सुरू केलं की लिनक्स ती भारतीय वेळ यूटीसी समजून वाचतं आणि साडेपाच तास पुढे जातं. लिनक्सवरून विंडोजला आलात की उलटं, साडेपाच तास मागे. इंटरनेट मिळालं की दोन्ही सुधारतात, पण तेवढ्यात नोड आपोआप सुरू झालेला असतो. विंडोजलाच यूटीसी वापरायला लावणं हा त्यावरचा उपाय. रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची नोंद १ करायची. लिनक्सकडे 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ०' ठेवायचं. त्याहून सोपं म्हणजे मायनिंगच्या मशिनवर एकच सिस्टिम ठेवायची. गेमिंगचा पीसी नोडसाठी वापरायचा मोह आवरा.

पायरी ४: रास्पबेरी पाय आणि गेलेली लाइट

घरगुती नोड बहुतेकदा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर असतो. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ मुळात नाहीच. पाय ५ वर आहे, पण बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते. घड्याळ नसलेला बोर्ड तासातासाला आणि बंद होताना वेळ एका फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि उठल्यावर तिथून पुढे मोजायला लागतो. लाइट अचानक गेली तर बंद होतानाची नोंद होत नाही. पाच तास लाइट नव्हती, तर पाय किमान पाच तास मागची वेळ धरून उठतो, आणि वर टिपायचा राहून गेलेला काही काळ.

हे इंटरनेट मिळताच दुरुस्त व्हायला हवं. पण लाइट आली की पाय लगेच उठतो आणि राउटर व फायबरचा डबा अजून डोळे चोळत असतात. या दोन-तीन मिनिटांत बिटकॉइन कोअर सुरू होतो, साठवलेल्या साखळीचं टोक बघतो आणि म्हणतो की डेटाबेसमध्ये भविष्यातला वाटणारा एक ब्लॉक आहे. टोकावरच्या ब्लॉकची वेळ घड्याळापेक्षा दोन तासांहून पुढे दिसली की तो सुरूच होत नाही. सोबत साखळी नव्याने बांधण्याचा, म्हणजे 'रीइंडेक्स'चा, उल्लेख येतो आणि नवखा माणूस घाबरून तो पर्याय दाबतो. पायवर हे काम दिवसचे दिवस चालतं. त्या संदेशात 'तारीख-वेळ बरोबर असल्याची खात्री असेल तरच' असंही लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. घड्याळ बरोबर करा आणि नोड पुन्हा सुरू करा. साखळीला काहीही झालेलं नसतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून दोन गोष्टी. डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल घ्या. ते दहा लाखांत दोन एवढंच चुकतं, म्हणजे वर्षाला मिनिटभर. आणि नोडच्या सेवेच्या फाइलमध्ये 'आफ्टर' या ओळीत 'टाइम-सिंक डॉट टार्गेट' लिहा, म्हणजे वेळ जुळल्याशिवाय नोड उठणार नाही. नुसतं तेवढं लिहून भागत नाही: टाइमसिंकडी असेल तर 'सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक', आणि क्रॉनी असेल तर 'क्रॉनी-वेट' ही थांबून राहणारी सेवाही चालू करावी लागते. इन्व्हर्टरवर राउटर आणि पाय दोन्ही टाकता आले तर उत्तमच. पुष्कळ घरी फक्त पंखा आणि ट्यूब इन्व्हर्टरवर असते.

पायरी ५: एसिक मशिनांचं काय?

इथे फार वेळ घालवू नका. पूलकडून (अनेकांनी मिळून मायनिंग करून बक्षीस वाटून घ्यायची सेवा) किंवा तुमच्या नोडकडून काम येतं तेव्हा त्यातच वेळही येते. मशिन ती वेळ वापरतं आणि उत्तरात परत पाठवतं. मशिनच्या स्वतःच्या घड्याळात १९७० साल असलं तरी मायनिंग चालतं. बऱ्याच मशिनांच्या लॉगची सुरुवात १ जानेवारी १९७० नेच होते, कारण कंट्रोल बोर्डवर सेलच नसतो.

मशिन ही वेळ थोडी पुढे सरकवतं तेही मुद्दाम. मथळ्यातला नॉन्स, म्हणजे मशिन बदलून बदलून बघतं तो आकडा, ३२ बिटचा, म्हणजे जवळजवळ ४२९ कोटी शक्यता. १०० टेराहॅशचं, म्हणजे सेकंदाला १०० लाख कोटी प्रयत्न करणारं, मशिन त्या ४३ मायक्रोसेकंदांत संपवतं. मग आवृत्तीचे काही बिट बदलायचे, कॉइनबेसमधला (ब्लॉकमधल्या बक्षिसाच्या व्यवहारातला) जादा नॉन्स बदलायचा, आणि वेळ सेकंदाने पुढे न्यायची. नियमात बसतं. पूलच्या मर्यादेबाहेर गेली तर 'एनटाइम आउट ऑफ रेंज' म्हणून शेअर, म्हणजे मशिनने पाठवलेलं उत्तर, नाकारला जातो. हा संदेश वारंवार दिसत असेल तर फर्मवेअर तपासा, किंवा मधे प्रॉक्सी असेल तर ती. मशिनचं घड्याळ जुळवून तो जात नाही.

तरी लॉगसाठी सगळ्यांची वेळ एक असावी. रात्री कोणतं मशिन आधी तापलं आणि कोणतं नंतर बंद पडलं, हे दहा मशिनांच्या दहा वेगवेगळ्या वेळांवरून शोधायला बसणं म्हणजे शिक्षा आहे. क्रॉनीच्या मशिनवर 'अलाउ' या ओळीत घरच्या नेटवर्कचा पत्ता दिला की ते बाकीच्यांना वेळ वाटू लागतं. 'लोकल स्ट्रॅटम १०' ही ओळ टाकली तर इंटरनेट गेलं तरी शेडमधली सगळी मशिनं निदान एकमेकांशी जुळलेली राहतात. हा स्ट्रॅटम म्हणजे अणुघड्याळापासून आपण किती पायऱ्या दूर, तो आकडा. पूलशी बोलायच्या स्ट्रॅटम प्रोटोकॉलशी त्याचा काही संबंध नाही. राउटरमध्ये सोय असेल तर डीएचसीपीच्या (मशिनांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) ४२ क्रमांकाच्या पर्यायात या मशिनचा पत्ता द्या. सगळीच मशिनं तो ऐकतील असं नाही. जी ऐकत नाहीत त्यांच्या वेबपानावर हाताने भरा, तशी जागा असेल तर.

मुद्दाम वेळ सरकवून फायदा होतो का?

प्रश्न येतोच, म्हणून थोडक्यात. बिटकॉइनमध्ये दर २०१६ ब्लॉकनंतर काठिण्य, म्हणजे ब्लॉक शोधणं किती अवघड तो आकडा, बदलतं आणि त्यासाठी पहिल्या व शेवटच्या ब्लॉकच्या वेळांमधला फरक वापरतात. खोट्या वेळा घालून काठिण्य पाडायचा 'टाइमवॉर्प' नावाचा हल्ला कागदावर शक्य आहे, पण त्याला जाळ्याची बहुतांश ताकद हाताशी लागते. छोट्या नाण्यांत मात्र असं प्रत्यक्ष घडलंय. एप्रिल २०१८ मध्ये व्हर्ज या नाण्यावर कुणीतरी खोट्या वेळांचे ब्लॉक घालून त्याच्या पाच अल्गोरिदमपैकी एकाचं काठिण्य खाली आणलं आणि सेकंदाला जवळपास एक ब्लॉक काढला. छोट्या नाण्याचं मायनिंग करत असाल तर त्याचे वेळेचे नियम आधी वाचा. मोनेरोतही पुढची मर्यादा दोन तासांचीच आहे, पण मागच्या बाजूला ११ ऐवजी ६० ब्लॉकची मधली वेळ धरतात.

बिटकॉइन कोअर पूर्वी जोडीदार नोडच्या घड्याळांची मधली वेळ काढून आपली वेळ ७० मिनिटांपर्यंत सरकवत असे. खोटी वेळ सांगणारे जोडीदार भोवती जमवून नोडला फसवता येईल, अशी शंका २०११ पासून चर्चेत होती. एप्रिल २०२४ च्या २७.० आवृत्तीपासून ब्लॉक तपासताना ही उसनी वेळ धरत नाहीत. मोठा फरक दिसला तर इशारा मिळतो, पण निर्णय तुमच्याच घड्याळावर. जुन्या लेखांत 'नोड आपोआप सांभाळून घेतो' असं वाचलं असेल, तर ते आता विसरा.

घड्याळ ५० मिलिसेकंदांच्या आत हवं, असा सल्लाही कुठेतरी दिसेल. तो बहुधा इथेरियमच्या व्हॅलिडेटरांसाठी, म्हणजे ब्लॉकवर मत देणाऱ्यांसाठी, असतो. तिथे १५ सप्टेंबर २०२२ पासून मायनिंगच नाही. १२ सेकंदांचे टप्पे आहेत आणि ठरल्या सेकंदाला मत द्यावं लागतं, म्हणून त्यांना ती काळजी.

साखळीबाहेर जे अडतं

घड्याळ चुकलं की नोडच्या आधी बहुतेक दुसरंच काहीतरी बोंब मारतं. पूलशी सुरक्षित जोडणी असेल तर प्रमाणपत्र 'अजून लागू नाही' म्हणून जोडणी नाकारली जाते. एक्सचेंजच्या लॉगिनचे सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतात. मोबाइलचं घड्याळ मिनिटभर चुकलं तर एकही कोड चालत नाही आणि माणूस पासवर्ड बदलत बसतो. एक्सचेंजशी प्रोग्रामने बोलत असाल तर तिथे काही सेकंदांचीच मुभा असते. नावांची खातरजमा करणारं डीएनएस वापरत असाल तर आणखी गंमत: वेळ चुकीची म्हणून वेळेच्या सर्व्हरचं नाव सापडत नाही, आणि नाव सापडत नाही म्हणून वेळ सुधारत नाही. अशा मशिनवर एखाद्या सर्व्हरचा आकडी पत्ता देऊन ठेवा, घरातल्या क्रॉनीच्या मशिनचा दिला तरी चालतो.

कंपनी काढून हे काम करत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश बघा. घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे, असं त्यात आहे. पायरी २ मधली यादी घातली असेल तर घड्याळाचा भाग बहुतेक झालेला आहे, लॉगचं तेवढं बघा.

आणि मार्च अखेरीला पूलकडून पेआउटची फाइल उतरवाल तेव्हा तिच्यातल्या वेळा बहुधा यूटीसीत असतील. ३१ मार्चला तिथल्या संध्याकाळी साडेसहानंतर पडलेलं पेआउट आपल्याकडे १ एप्रिलचं असतं, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षातलं. सीएकडे फाइल देताना भारतीय वेळेचा रकाना शेजारी करून द्या आणि ते एक-दोन पेआउट कोणत्या वर्षात धरायचे, ते त्यांच्याकडून लिहून घ्या.